एक देश, एक तार

मुंबई-अहमदाबाद अतिवेगवान रेल्वेविषयी गेल्या दशकभरात आपल्याकडे विपुल लिहिले गेले. डिसेंबर २०१५ मध्ये जपानशी सामंजस्य झाले, सप्टेंबर २०१७ मध्ये अहमदाबादेत भूमिपूजन झाले आणि तेव्हापासून खर्च, कर्ज, भूसंपादन व तिकिटाचा दर या चार विषयांभोवती वाद फिरत राहिला. हे प्रश्न महत्त्वाचे आहेतच. परंतु या साऱ्या गदारोळात गाडीच्या छपराकडे फारसे कोणाचे लक्ष गेले नाही. वस्तुतः विजेवर धावणाऱ्या कोणत्याही गाडीचा वेग, तिची व्याप्ती आणि तिचे स्वातंत्र्य यांची मर्यादा बऱ्याच अंशी त्या छपरावरच ठरते. तेथे असतो पेंटोग्राफ, आणि त्याच्या डोक्यावर असते एक तार. ती तार कोणत्या दाबाची, किती उंचीवरची, कोणी ठरविलेली, हा वरकरणी निव्वळ अभियंत्यांचा वाटणारा प्रश्न प्रत्यक्षात राष्ट्रीय धोरणाचा आहे. युरोपने तो शंभर वर्षांपूर्वी धोरण म्हणून हाताळला नाही आणि त्याची किंमत तो आजही मोजतो आहे.

छपरावरचा हात

मुंबईकराला पेंटोग्राफ हा शब्द शिकवावा लागत नाही. सकाळच्या गर्दीच्या वेळी तो तुटला की फलाटावर होणारी उद्घोषणा त्याला पाठ आहे. परंतु तो काय करतो, याचा विचार क्वचितच होतो. गाडीच्या छपरावर बसविलेला हा एक सांध्यांचा हात आहे. हवेच्या दाबाने तो वर उठतो आणि त्याच्या डोक्यावरील कार्बनची पट्टी संपर्क तारेला खालून टेकते. आज सर्वत्र दिसणारी एकहाती, कोपरातून वाकलेली रचना फ्रान्सच्या लुई फेव्हले यांनी १९५५ मध्ये पुढे आणली. तार रुळांच्या मध्यावर सरळ ओढलेली नसते. ती मुद्दाम नागमोडी ठेवतात. आपल्याकडे सरळ मार्गावर ती मध्यापासून २०० मिलिमीटरपर्यंत आणि वळणावर ३०० मिलिमीटरपर्यंत दोन्ही बाजूंना सरकत जाते. तसे केले नाही, तर कार्बनच्या पट्टीवर एकाच ठिकाणी खाच पडेल.

गाडी संथ असताना हे सारे सोपे असते. वेग वाढला की तारेचा स्वभाव बदलतो. पेंटोग्राफ तारेला वर ढकलत पुढे जातो, त्यामुळे तारेत एक लाट उठते आणि ती गाडीच्या पुढे धावते. गाडी त्या लाटेच्या वेगाजवळ पोहोचली, तर तार पेंटोग्राफसमोर गोळा होऊ लागते, संपर्क सुटतो, ठिणग्या उडतात आणि प्रसंगी तारच खाली येते. म्हणून गाडीचा वेग लाटेच्या वेगाच्या ७० टक्क्यांपलीकडे जाऊ देऊ नये, असा संकेत अभियंते पाळतात. १२० चौरस मिलिमीटर जाडीच्या तांब्याच्या तारेला २० किलोन्यूटन ताण दिला, तर लाटेचा वेग ताशी सुमारे ४९० किलोमीटर होतो. म्हणजे गाडीला ताशी ३४० किलोमीटरच्या आसपास थांबावे लागते. ३ एप्रिल २००७ रोजी फ्रान्सच्या टीजीव्हीने ताशी ५७४.८ किलोमीटरचा विक्रम केला, तेव्हा त्या मार्गावरील तारेचा ताण ४० किलोन्यूटनपर्यंत आणि विद्युतदाब ३१ हजार व्होल्टपर्यंत वाढवावा लागला होता. विक्रमाची छायाचित्रे गाडीची निघाली. तयारी मात्र तारेची होती.

युरोपची ठिगळे

आता या नाजूक संपर्कावर आणखी एक ओझे टाकून पाहू. गाडी पॅरिसहून निघून ब्रसेल्समार्गे जर्मनीतील कोलोनला आणि नेदरलँड्समधील अॅमस्टरडॅमला जायची आहे. फ्रान्सच्या अतिवेगवान मार्गावर तारेत २५ हजार व्होल्ट, ५० हर्ट्झचा प्रत्यावर्ती प्रवाह आहे. बेल्जियमच्या जुन्या मार्गांवर ३ हजार व्होल्टचा दिष्ट प्रवाह. जर्मनीत १५ हजार व्होल्ट, पण वारंवारता १६.७ हर्ट्झ. नेदरलँड्सच्या जुन्या जाळ्यावर आणि फ्रान्सच्या दक्षिणेकडील पारंपरिक मार्गांवर दीड हजार व्होल्टचा दिष्ट प्रवाह. एका दिवसाच्या प्रवासात चार प्रकारची वीज!

हे असे का झाले, याचे उत्तर इतिहासात आहे. विसाव्या शतकाच्या आरंभी इंजिनाच्या मोटारी ५० हर्ट्झच्या प्रवाहावर नीट चालत नसत. त्यांच्या दिक्परिवर्तकावर ठिणग्यांचा वर्षाव होई. म्हणून प्रशिया, बव्हेरिया व बाडेन या जर्मन राज्यांच्या रेल्वेंनी १९१२ मध्ये ५० च्या एक तृतीयांश वारंवारतेचा करार केला. ऑस्ट्रिया, स्वित्झर्लंड, स्वीडन आणि नॉर्वे त्याच वाटेने गेले. फ्रान्सने १९२० मध्ये दीड हजार व्होल्टचा दिष्ट प्रवाह निवडला. इटली व बेल्जियम ३ हजारांकडे वळले. त्या त्या काळी, त्या त्या देशाच्या दृष्टीने प्रत्येक निर्णय शहाणपणाचाच होता. शेजाऱ्याशी जुळावे, ही गरज मात्र कोणालाच वाटली नाही. दोन महायुद्धांतून गेलेल्या त्या खंडात ती वाटणे कठीणही होते. पुढे युरोपने सीमा पुसल्या, चलन एक केले, पण तार एक करणे त्याला जमले नाही. कारण नोटा बदलता येतात. हजारो किलोमीटर तार, हजारो उपकेंद्रे आणि हजारो इंजिने एका रात्रीत बदलता येत नाहीत.

मग उपाय एकच उरला: तारा बदलता येत नसतील, तर गाडीनेच प्रत्येक तारेशी जुळवून घ्यायचे. १९९० च्या दशकाच्या उत्तरार्धात आलेल्या थॅलिस कंपनीच्या चार शहरे जोडणाऱ्या गाड्या याच विचारातून घडल्या. पॅरिस, ब्रसेल्स, कोलोन, अॅमस्टरडॅम या चौकोनात त्या चारही प्रणालींवर धावू लागल्या. पण २५ हजार व्होल्टखाली ८.८ मेगावॉट शक्ती देणारी ही गाडी बाकीच्या प्रणालींखाली त्याच्या निम्म्याच्या आसपासच शक्ती देऊ शके. चार घरचे पाणी पिणाऱ्या गाडीला प्रत्येक घरी पोटभर मिळेलच असे नाही. युरोस्टारची कथा अधिक बोलकी आहे. १९९४ मध्ये खाडीखालील बोगद्यातून लंडनला जाणारी पहिली गाडी फ्रान्समध्ये ताशी ३०० किलोमीटरने धावे. इंग्लंडच्या भूमीवर आली की पेंटोग्राफ मिटून घेई आणि रुळालगतच्या तिसऱ्या पट्टीतून ७५० व्होल्टवर ताशी १६० किलोमीटरने लंडन गाठी. नवा मार्ग पूर्ण होऊन १४ नोव्हेंबर २००७ रोजी सेंट पँक्रस स्थानकातून सेवा सुरू झाली, तेव्हाच ही तिसऱ्या पट्टीची कुबडी सुटली.

वीज जुळते, डोके जुळत नाही

येथे एक गोष्ट ध्यानात घेतली पाहिजे. गाडीच्या पोटातील प्रश्न आता जवळपास सुटलेला आहे. अर्धवाहकांच्या प्रगतीमुळे बाहेरून कोणत्याही प्रकारची वीज आली, तरी गाडीतील परिवर्तक तिला आधी एका समान रूपात आणतात आणि मग मोटारींना हवी तशी देतात. कमी वारंवारतेसाठी ट्रान्सफॉर्मर अधिक जड लागतो, हे खरे. पण ते वजनाचे दुखणे आहे, अशक्यतेचे नव्हे. अडले आहे ते छपरावर. कारण तेथे विजेच्या जोडीला लोखंड, तांबे, कार्बन आणि वारा यांच्याशी गाठ आहे.

पहिली अडचण प्रवाहाची. ८ मेगावॉट शक्ती २५ हजार व्होल्टवर घ्यायची, तर ३२० अँपिअर पुरतात. १५ हजारांवर ५३३ लागतात. ३ हजारांवर २,६६७ आणि दीड हजारांवर ५,३३३. तार आणि पट्टी यांच्या त्या बोटभर स्पर्शातून एवढा प्रवाह ओढायचा! मार्च १९५५ मध्ये फ्रान्सने दीड हजार व्होल्टच्याच मार्गावर, दाब थोडा वाढवून, ताशी ३३१ किलोमीटरचा विक्रम केला. तेव्हा पेंटोग्राफला ती उष्णता सोसली नाही, तो वितळू लागला होता. म्हणूनच दिष्ट प्रवाहाच्या मार्गावर पट्टीच्या कार्बनमध्ये तांबे मिसळतात आणि तारेवरचा दाबही अधिक ठेवतात. गाडी उभी असताना प्रत्यावर्ती प्रवाहाच्या तारेवर ७० न्यूटनच्या आसपास दाब पुरतो. ३ हजार व्होल्टच्या तारेवर तो ११० च्या घरात न्यावा लागतो. तांबेमिश्रित पट्टी शुद्ध कार्बनची सवय असलेल्या तारेवर चालविली, तर ती तार झिजविते. म्हणजे एका देशाचे औषध दुसऱ्या देशात विष ठरते. परिणामी एकाच गाडीवर प्रत्यावर्ती प्रवाहाचा पेंटोग्राफ वेगळा आणि दिष्ट प्रवाहाचा वेगळा बसवावा लागतो.

दुसरी अडचण संख्येची. २५ हजार व्होल्टवर टीजीव्ही मागचा एकच पेंटोग्राफ उभारते आणि छपरावरील केबलने पुढच्या इंजिनाला वीज पोहोचविते. कारण दोन उभारले, तर पुढच्याने उठविलेल्या लाटांवर मागचा हिंदकळतो. दिष्ट प्रवाहाखाली मात्र प्रवाह इतका मोठा, की दोन्ही इंजिनांना आपापला पेंटोग्राफ उभारावा लागतो. तेव्हा वेगालाही आवर घालणे आले.

तिसरी अडचण सर्वांत मार्मिक आहे, ती रुंदीची. जर्मनी आणि स्वित्झर्लंड यांची वीज अगदी एकसारखी आहे. दाब तोच, वारंवारता तीच. तरीही जर्मन गाडी आपल्या नेहमीच्या पेंटोग्राफने स्वित्झर्लंडमध्ये शिरू शकत नाही. जर्मन पेंटोग्राफचे डोके १,९५० मिलिमीटर रुंद असते आणि स्विस मार्गांवर, तेथील अरुंद बोगद्यांमुळे, ते १,४५० मिलिमीटरच चालते. म्हणून स्वित्झर्लंडला जाणाऱ्या आयसीई गाड्यांवर खास अरुंद डोक्याचा वेगळा पेंटोग्राफ बसवावा लागला. वीज एक असूनही केवळ अर्ध्या मीटरच्या फरकाने दोन देश दूर राहिले. युरोपीय संघाने पुढे १,६०० मिलिमीटर रुंदीचे सामाईक डोके मानक म्हणून स्वीकारले. पण जर्मनीच्या रुंद डोक्यालाही मान्यता ठेवणे त्याला भाग पडले. दरम्यान प्रत्येक सीमेवर वीजखंडक उघडणे, पेंटोग्राफ मिटणे, वीजविरहित पट्ट्यातून केवळ गतीच्या जोरावर पुढे सरकणे आणि पलीकडे दुसरा पेंटोग्राफ उभारणे, हा सोपस्कार चालूच आहे.

मुंबईने मोजलेली किंमत

हे सारे परक्यांचे दुखणे, असे म्हणून आपल्याला मोकळे होता येणार नाही. ३ फेब्रुवारी १९२५ रोजी मुंबईत व्हिक्टोरिया टर्मिनस ते कुर्ला अशी देशातील पहिली विजेवरील गाडी धावली, ती दीड हजार व्होल्टच्या दिष्ट प्रवाहावर. मद्रासने तोच मार्ग धरला. हावड्याकडे ३ हजार व्होल्ट आले. आपणही ठिगळांच्याच वाटेवर होतो. परंतु १९५७ मध्ये फ्रेंच रेल्वेच्या तांत्रिक साहाय्याने भारतीय रेल्वेने २५ हजार व्होल्ट, ५० हर्ट्झ हे एकच राष्ट्रीय मानक स्वीकारले. त्या वेळी ही प्रणाली फ्रान्समध्येही नवीच होती. ज्यांनी हा निर्णय घेतला, त्यांच्या दूरदृष्टीला दाद दिलीच पाहिजे. मद्रास आणि हावडा यथावकाश त्या मानकाखाली आले.

मुंबई मात्र अडून राहिली. उपनगरी सेवा एक दिवसही बंद ठेवता येत नव्हती; जुन्या पुलांखाली २५ हजार व्होल्टच्या तारेला पुरेसे अंतर मिळत नव्हते. त्यामुळे नागपूरकडून येणाऱ्या गाड्यांना इगतपुरीला थांबून इंजिन बदलावे लागे. गुजरातकडील मार्गासाठी १९७५ पासून दोन्ही प्रवाहांवर चालणारी इंजिने बांधावी लागली. पुढे उपनगरी गाड्याही दोन्ही प्रवाहांच्या घ्याव्या लागल्या. पश्चिम रेल्वेवरील परिवर्तन २०१२ मध्ये पूर्ण झाले, मध्य रेल्वेच्या मुख्य मार्गावरील २०१५ मध्ये आणि हार्बर मार्गावरील २०१६ मध्ये. राष्ट्रीय मानक ठरल्यानंतर मुंबईला त्याच्याशी एकरूप व्हायला जवळपास साठ वर्षे लागली. या काळातील दुहेरी इंजिने आणि इगतपुरीतील खोळंबा हे त्या विलंबाचे व्याज होते. हे व्याज कोणा एका माणसाने भरले नाही. कोट्यवधी प्रवाशांनी मिनिटामिनिटाने भरले.

येथे कोणी विचारील, की दोन्ही प्रवाहांवर चालणारी गाडी बांधता येते, तर मग इतका आग्रह कशाला? उत्तर असे, की अशी गाडी हा पूल आहे, मुक्काम नव्हे. ती संक्रमणकाळात अत्यंत उपयुक्त ठरली, मुंबईचे परिवर्तन तिच्यावाचून झालेच नसते. परंतु ती हाताशी आहे म्हणून परिवर्तनच पुढे ढकलत राहिलो, तर तात्पुरती सोय कायमची अगतिकता होऊन बसते. युरोपचे नेमके तेच झाले.

पुढचा प्रश्न

आज आपली स्थिती हेवा वाटावी अशी आहे. २०२५ पर्यंत देशाच्या ब्रॉडगेज जाळ्याचे सुमारे ९९ टक्के विद्युतीकरण झाले आणि ते सारे एकाच दाबावर. कन्याकुमारीला तारेला टेकलेला पेंटोग्राफ जम्मूच्या तारेलाही तसाच टेकतो. युरोपला शतकभर न साधलेली गोष्ट आपल्याला साधली आहे. पण साधलेले टिकवणे हेही कर्तव्यच असते. त्या दृष्टीने तीन गोष्टींकडे लक्ष वेधावेसे वाटते.

पहिली, नव्या ठिगळांची. पुणे मेट्रोचे पहिले दोन मार्ग छपरावरच्या २५ हजार व्होल्टच्या तारेवर चालतात. हिंजवडीचा तिसरा मार्ग मात्र रुळालगतच्या ७५० व्होल्टच्या पट्टीवर आखला गेला. बंगळूरू आणि कोची मेट्रोही तिसऱ्या पट्टीवरच आहेत. या निवडीमागे तांत्रिक कारणे असतात. बोगदे लहान ठेवता येतात, शहरात तारांचे जाळे दिसत नाही. मेट्रोचा मार्ग बंदिस्त असतो, तेथे बाहेरची गाडी यायची नसते, हेही मान्य. परंतु एकाच शहरात दोन प्रकारच्या गाड्या, दोन प्रकारचे सुटे भाग आणि दोन प्रकारचे प्रशिक्षण उभे करण्यापूर्वी त्याची जमाखर्चाची मांडणी लोकांसमोर यायला हवी. ती येते का?

दुसरी गोष्ट उंचीची. पश्चिम समर्पित मालवाहू मार्गावर कंटेनरवर कंटेनर ठेवून गाड्या जाव्यात, म्हणून संपर्क तार साडेसात मीटरच्या आसपास उंचीवर नेली आहे. इतरत्र ती साडेपाच मीटरच्या घरात असते. वीज तीच, पण उंची वेगळी. म्हणून तेथील इंजिनांना लांब हाताचे पेंटोग्राफ बसवावे लागले. जून २०२० मध्ये पश्चिम रेल्वेवर अशा उंच तारेखालून दुमजली कंटेनर गाडी धावली, ती भारतीय अभियंत्यांच्या कर्तृत्वाची साक्ष होय. येथे फरक समजून-उमजून, निश्चित लाभासाठी पत्करला आहे. ठिगळ आणि योजना यांतील भेद तो हाच.

तिसरी आणि सर्वांत महत्त्वाची गोष्ट अतिवेगवान मार्गांची. मुंबई-अहमदाबाद या ५०८ किलोमीटरच्या मार्गावरही तार २५ हजार व्होल्टचीच आहे. पण रूळ १,४३५ मिलिमीटरचे, आपल्या ब्रॉडगेजहून अरुंद. म्हणजे हा मार्ग वीज जुळूनही मूळ जाळ्यापासून वेगळाच राहणार. एका मार्गापुरते ते चालेल. पण पुढे अन्य मार्ग होतील, तेव्हा काय? एक मार्ग जपानच्या पद्धतीचा, दुसरा फ्रान्सच्या, तिसरा आणखी कोणाच्या, असे झाले, तर प्रत्येक मार्गाची तार वेगळ्या उंचीची, नागमोड वेगळी, पेंटोग्राफचे डोके वेगळे आणि पट्टी वेगळी होईल. जर्मनी व स्वित्झर्लंड यांच्यातले ते अर्ध्या मीटरचे अंतर मग आपल्याच दोन शहरांमध्ये उभे राहील.

हे टाळायचे, तर क्रम बदलला पाहिजे. गाडी आधी विकत घ्यायची आणि तार तिच्या मापाने ओढायची, हा उलटा क्रम होय. तारेची उंची, नागमोड, ताण, डोक्याची रुंदी, पट्टीचा कार्बन आणि संपर्काचा दाब यांचे भारतीय मानक आधी निश्चित व्हावे, आणि मग जगातील जो कोणी गाडी विकू इच्छितो, त्याने आपली गाडी त्या मापाला जुळवावी. जपानने आपल्या पेंटोग्राफवर किती परिश्रम घेतले, ते पाहण्यासारखे आहे. दाट वस्तीतून जाताना आवाज कमी व्हावा, म्हणून त्यांनी १९९७ च्या ५०० मालिकेच्या गाडीत घुबडाच्या पिसांवरून स्फूर्ती घेऊन पेंटोग्राफला पंखासारखा आकार दिला. हे ज्ञान कारखान्यातून नगावर विकत मिळत नाही. ते स्वतःच्या रुळांवर, स्वतःच्या हवेत, स्वतःच्या धुळीत कमवावे लागते. आपल्या पावसात, उष्णतेत आणि धुळीत कार्बनची पट्टी किती टिकते, याचे उत्तर टोकियोत नाही. ते लखनौच्या संशोधन संस्थेत आणि आपल्याच कारशेडमध्ये शोधावे लागेल. २०२४ मध्ये ताशी २८० किलोमीटर क्षमतेच्या गाड्या बांधण्याचे काम बीईएमएल या भारतीय सार्वजनिक कंपनीकडे देण्यात आले, ही उत्साहवर्धक घटना आहे. पण डबे येथे घडले आणि छपरावरचा हात बाहेरून आला, तर काम अर्धेच झाले असे म्हणावे लागेल.

दुसऱ्याशी जुळवून घेणे हा दुर्गुण नव्हे. युरोपच्या अभियंत्यांनी त्याची एक कलाच केली आणि त्यासाठी ते कौतुकास पात्र आहेत. परंतु ती कला त्यांना त्यांच्या पूर्वजांच्या विसंवादामुळे शिकावी लागली. आपल्या पूर्वसूरींनी १९५७ मध्ये आपल्याला त्या दुर्दैवातून वाचविले. तो वारसा आहे. पुढच्या पिढीने नव्या मार्गांखाली उभे राहून वर पाहिले, तर तिला एकच तार दिसावी, एवढे भान आज निर्णय घेणाऱ्यांनी ठेवले पाहिजे. आणि ते त्यांनी ठेवावे, यासाठी प्रश्न विचारत राहणे हे आपले, म्हणजे सुजाण नागरिकांचे काम आहे.